अनुदान धोरण आणि कर्मचारी नियमावली: दोन कागद, एकच टेबल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कुटुंबाने स्थापन केलेलं फाउंडेशन, कार्यालयात सहा माणसं, वर्षाला साठ-सत्तर अनुदानं. विश्वस्तांनी सहा महिन्यांत दोन कागद मागितलेत: अनुदान धोरण आणि कर्मचारी नियमावली. पहिला कागद कार्यक्रम विभाग लिहिणार, दुसरा हिशेब सांभाळणारे सहकारी. आणि कर्मचारी विचारतायत की अनुदान घेणाऱ्या संस्थेच्या मंडळावर आम्ही बसावं का, आमच्या खासगी देणग्यांना फाउंडेशनने जोड द्यावी का, म्हणजे आम्ही दिलं तेवढं आपल्याकडून त्याच संस्थेला घालावं का. यासाठी नमुने कुठले घ्यावेत, हे तुम्हाला हवंय.

नमुन्यांकडे नंतर येते. आधी सांगायचं ते हे की अशी वाटणी करू नका. दोन्ही कागद एका टेबलावर, त्याच माणसांनी बसून लिहा. मी अकरा वर्षं अनुदान घेणाऱ्या संस्थेत काढली आणि पुढची पंधरा वर्षं देणाऱ्या बाजूला. या काळात अनुदानाचे जे घोळ जवळून पाहिले, त्यांतले बहुतेक धोरणात चूक होती म्हणून झाले नव्हते. फाउंडेशनच्या कार्यालयातल्या माणसांचं काम, रजा, राजीनामा, अधिकार आणि मोह यांची कुणी व्यवस्थाच लावलेली नव्हती, म्हणून झाले होते.

एक प्रसंग सांगते, कारण तो मला अजून छळतो. आमच्या संस्थेचा दुसरा हप्ता जूनमध्ये यायचा होता, तो आला ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. अहवाल वेळेत गेला होता, ऑडिट झालं होतं, करारातली एकही अट बाकी नव्हती. आमची फाइल पाहणाऱ्या अधिकाऱ्याने मे महिन्यात नोकरी सोडली होती आणि त्यांच्या जागी आलेल्या बाईंना आमचा हप्ता बाकी आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. फोन केला की ‘बघून सांगते’ एवढं उत्तर मिळायचं, आणि दोष त्यांचाही नव्हता. आमच्या अठरा कार्यकर्त्यांना तीन महिने अर्धा पगार मिळाला. दोघी सोडून गेल्या. त्यातली एक सहा वर्षं त्याच वस्त्यांमध्ये फिरत होती, प्रत्येक घर तिला नावाने ओळखत होतं. तिच्या जागी आलेल्या मुलीशी लोक मोकळेपणाने बोलू लागेपर्यंत वर्ष गेलं. ते वर्ष कुठल्याच अहवालात दिसलं नाही.

पुढे मी त्या फाउंडेशनचं धोरण वाचलं. मुद्देसूद होतं, हप्त्यांचं वेळापत्रकसुद्धा त्यात होतं. अधिकारी गेला तर त्याची अनुदानं कुणाकडे, किती दिवसांत आणि कशी जातात, हे मात्र नव्हतं. ते नियमावलीत असायला हवं होतं. तिथे राजीनाम्याच्या कलमात लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा करण्याचा उल्लेख होता, अनुदानांचा नव्हता.

म्हणून तुमच्या नियमावलीत कामाचं हस्तांतरण सविस्तर लिहा. माझ्याकडची पद्धत सांगते. प्रत्येक चालू अनुदानाचं एक पान असतं आणि ते दर तिमाहीला अद्ययावत होतं. त्यावर पुढच्या हप्त्याची तारीख आणि अट असते, संस्थेत खरोखर फोन उचलून उत्तर देणारी व्यक्ती कोण ते असतं, संस्थेची सध्याची काळजी काय ते असतं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपण तोंडी काय कबूल केलंय ते असतं. तोंडी आश्वासन फाइलमध्ये कधीच सापडत नाही, संस्थेच्या मनात मात्र तेच घट्ट बसलेलं असतं. ‘पुढच्या वर्षी वाढवून देऊ’ असं चहा पिताना बोललेलं वाक्य अधिकाऱ्याबरोबर निघून जातं आणि संस्था त्या भरवशावर माणूस नेमून बसते. निरोप समारंभाच्या आधी दोन्ही अधिकाऱ्यांनी मिळून प्रत्येक संस्थेला एक फोन करायचा, हेही कलमात घाला. दीर्घ रजेलाही हेच लागू.

ही कल्पना नवी नाही. १९१३ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या रॉकफेलर फाउंडेशनमध्ये अधिकाऱ्यांनी रोजनिशी ठेवायची पद्धत होती. कुणाला भेटलो, प्रयोगशाळेत काय पाहिलं, कुठल्या तरुण संशोधकाबद्दल काय मत झालं, हे अधिकारी लिहून ठेवत आणि ते फाउंडेशनच्या दप्तरात जाई. अशी रोजनिशी ठेवणारे वॉरन वीव्हर १९३२ पासून तिथे नैसर्गिक विज्ञान विभागाचे संचालक होते. ‘रेण्वीय जीवशास्त्र’ (मॉलिक्युलर बायोलॉजी) हा शब्दप्रयोग १९३८ मध्ये फाउंडेशनच्या अहवालातून त्यांनीच पुढे आणला. विज्ञानाच्या इतिहासाचे अभ्यासक त्या काळच्या निर्णयांमागची कारणं शोधताना आजही या रोजनिशा वाचतात. सहा माणसांच्या कार्यालयाला एवढं लिहिणं झेपणार नाही, पण प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी दहा ओळी झेपतात. दुसऱ्या दिवशी त्या लिहिल्या जात नाहीत, हा माझा अनुभव.

आता कामाचा भार. तुमच्याकडे सहा जणांत अनुदानं पाहणारे किती, ते तुम्ही लिहिलेलं नाही. दोघं असतील तर प्रत्येकी तीस-पस्तीस अनुदानं होतात. एका माणसाने पंचवीसच्या पुढे चालू अनुदानं सांभाळायला घेतली की तो संस्था ओळखणं सोडून फक्त कागद ओळखू लागतो, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. तेव्हा माणूस वाढवा किंवा अनुदानं कमी करून मोठी आणि जास्त वर्षांची करा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. तीन वर्षांचं एक अनुदान म्हणजे दोन प्रस्ताव, दोन छाननी आणि दोन मंजुऱ्या कमी, आणि हे कष्ट दोन्ही बाजूंचे वाचतात. ‘निव्वळ अनुदान’ असा हिशेब एकदा करून बघा. दिलेल्या रकमेतून प्रस्ताव लिहिणं, बैठका, अहवाल, तुमच्या नमुन्यात वेगळे हिशेब मांडणं यांवर संस्थेचे गेलेले दिवस वजा करा. लहान अनुदानांत उरणारा आकडा पाहून विश्वस्त गप्प होतात. आम्ही तो तक्ता त्यांच्यासमोर ठेवला त्या बैठकीत लहान अनुदानांचा अर्ज दोन पानांवर आला.

याच ओघात कर्मचाऱ्यांचं वार्षिक मूल्यमापन. अधिकाऱ्याने वर्षात किती रक्कम ‘खर्ची घातली’ यावर त्याला जोखू नका. तसं केलंत की आर्थिक वर्ष संपताना शेवटच्या सहा आठवड्यांत ओळखीच्या, मोठ्या, कागद चोख ठेवणाऱ्या संस्थांकडे पैसे धावतात. नवी, लहान संस्था अशा घाईत कधीच निवडली जात नाही. त्याऐवजी तीन गोष्टी पाहा: हप्ते वेळेवर गेले का, नकार किती दिवसांत कळवले, आणि संस्था त्याच्याबद्दल काय सांगतात. तिसऱ्यासाठी बाहेरच्या कुणाला तरी निनावी मतं गोळा करायला सांगा. अमेरिकेत २००१ मध्ये सुरू झालेली सेंटर फॉर इफेक्टिव्ह फिलँथ्रॉपी ही संस्था फाउंडेशनांसाठी हेच काम करते. ज्याच्या हातात पुढचा हप्ता आहे त्याला तोंडावर खरं कोण सांगेल?

इथे सत्तेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. मी संस्थेत होते तेव्हा माझ्याशी वाद घालणारी दहा माणसं होती. फाउंडेशनमध्ये आल्यावर वर्षभरात ती संपली. मी तीच होते, पण बैठकीत बोलायला लागले की लोक वहीत लिहून घेऊ लागले. एकदा जाता जाता म्हणाले, ‘संगीताचं काहीतरी केलं तर मुलांना आवडेल.’ चार महिन्यांनी गेले तर संस्थेने ग्रंथालयाची खोली रिकामी करून तिथे वाद्यं ठेवली होती, आणि पुस्तकं खोक्यांत भरून जिन्याखाली. त्यानंतर आमच्या नियमावलीत एक ओळ आली: भेटीत केलेली सूचना ही अट नाही, हे अधिकाऱ्याने आठ दिवसांत लेखी कळवायचं. कर्मचाऱ्यांना पहिल्या आठवड्यातच हे शिकवावं लागतं, कारण आपल्या शब्दाचं वजन कसं वाढलंय ते आपल्याला आतून जाणवत नाही.

भेटवस्तू, सत्कार, मानधन यांचे नियम याच कारणासाठी कडक ठेवा. साधं चहापाणी, सगळ्यांबरोबरचं जेवण चालेल. वस्तू नको, वैयक्तिक सत्कार नको, प्रवास आणि मुक्कामाचा खर्च संस्थेवर नको. भाषणाचं मानधन मिळालं तर ते फाउंडेशनच्या खात्यात. नाही म्हणणं कर्मचाऱ्याला अवघड जातं, विशेषतः गरीब संस्थेने प्रेमाने काही पुढे केलं तर. म्हणून भेटीची तारीख कळवणाऱ्या पत्रातच ‘आमच्या कर्मचाऱ्यांना भेटवस्तू घेता येत नाहीत, कृपया आणू नयेत’ हे वाक्य छापून टाका.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे छळ. अधिकाऱ्याने संस्थेतल्या कुणाशी गैरवर्तन केलं, नातेवाइकाला नोकरी लावायला सांगितलं किंवा वैयक्तिक काम करून घेतलं, तर तक्रार कुठे करायची? बहुतेक ठिकाणी उत्तर असतं ‘कार्यालयात’, म्हणजे त्याच माणसाच्या शेजारच्या टेबलावर. करारपत्रातच एका विश्वस्ताचं नाव आणि थेट संपर्क द्या, आणि तक्रार केल्यामुळे चालू अनुदानावर परिणाम होणार नाही हे लेखी द्या. नुसतं नियमावलीत ठेवलंत तर बाहेरच्या माणसाला ते कधीच वाचायला मिळत नाही. दोन्ही कागद एकत्र लिहा म्हणते ते यासाठीही.

संस्थेच्या मंडळावर बसण्याचा प्रश्न. माझं उत्तर: तुमच्याकडून अनुदान घेणाऱ्या किंवा अर्ज केलेल्या संस्थेच्या मंडळावर कर्मचाऱ्याने बसू नये. फाउंडेशनने स्वतः पाठवलेला प्रतिनिधी हा अपवाद असू शकतो, पण मला तोही पसंत नाही. मंडळावर बसल्यावर त्या संस्थेचं हित पाहणं हे त्याचं कर्तव्य ठरतं आणि तुमच्याकडे तो तिच्याच प्रस्तावाची छाननी करतो. इतर संस्थांवर खुशाल बसू द्या, त्यातून तो बरंच शिकेल. नोकरी सोडून अनुदान घेणाऱ्या संस्थेत जायचं असेल तर बोलणी सुरू होताच कळवायचं, त्या क्षणी त्या संस्थेची फाइल दुसऱ्याकडे, आणि पुढचं एक वर्ष त्याने त्या संस्थेच्या वतीने तुमच्याशी पैशाची बोलणी करायची नाहीत.

हितसंबंध जाहीर करण्याचा अर्ज वर्षातून एकदा भरून घेतला की काम झालं, असं समजू नका. वर्षाच्या सुरुवातीला कुणालाच ठाऊक नसतं की ऑगस्टमध्ये मेव्हण्याच्या संस्थेचा प्रस्ताव येणार आहे. प्रस्तावांची प्रत्येक यादी समोर आली की त्या यादीपुरती घोषणा, आणि विश्वस्तांसकट सगळ्यांची. ‘मी मत देत नाही’ म्हणून खुर्चीत बसून राहणं पुरेसं नाही. त्या विषयाला खोलीबाहेर जायचं आणि इतिवृत्तात तशी नोंद करायची. नियम आधी विश्वस्तांना लागू झाला की कर्मचाऱ्यांना समजावून सांगावा लागत नाही.

कुटुंबाच्या फाउंडेशनमध्ये हे जास्तच नाजूक असतं. अमेरिकेच्या १९६९ च्या कर सुधारणा कायद्याने खासगी फाउंडेशन आणि त्याचे संस्थापक, मोठे देणगीदार, व्यवस्थापक व त्यांचे कुटुंबीय यांच्यातले बहुतेक आर्थिक व्यवहार बंदच केले, व्यवहारात फाउंडेशनचा फायदा होत असला तरीही. कुटुंबीयाने आपली जागा फाउंडेशनला बाजारभावापेक्षा स्वस्तात विकली, तरी ते चालत नाही. सेवेचा वाजवी मोबदला हा अपवाद. विश्वस्ताने स्वतःच्या नावाने कायद्याने बांधील अशी देणगी कबूल केली आणि ती फाउंडेशनच्या पैशातून फेडली, तर तोही नियमभंग. हा घोटाळा चांगली माणसं नकळत करतात. तुमच्या देशाचा कायदा तुमचे सल्लागार सांगतील, पण तो सैल असला तरी हे नियम स्वतःहून घ्या.

कर्मचाऱ्यांच्या देणग्यांना जोड देणं ही पद्धत चांगली आहे, जरूर ठेवा. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीने १९५४ मध्ये कर्मचाऱ्यांनी आपापल्या शिक्षणसंस्थांना दिलेल्या देणग्यांना तेवढीच भर घालायला सुरुवात केली आणि तिथून ही रीत पसरली. काही पथ्यं पाळा. वर्षाची कमाल रक्कम शिपायापासून संचालकापर्यंत एकच असू दे. कमी पगाराच्या कर्मचाऱ्याला एकास दोन किंवा तीन अशी जोड दिली तर उत्तम. देणगीच्या बदल्यात तिकिटं, सवलत, मुलाची फी असं काही मिळणार असेल तर जोड नाही. कुणी कुठे दिलं ते फक्त हिशेब पाहणाऱ्याला कळावं, वरिष्ठांना नाही. माणूस कुठे देणगी देतो यात त्याचा धर्म, राजकारण, आजारपणसुद्धा दिसतं. आणि ज्या संस्थेची फाइल कर्मचारी स्वतः पाहतो, तिला ही जोड नको.

अधिकाऱ्यांना मुदत असावी का, यावर माझं मत पक्कं झालेलं नाही. अमेरिकेतल्या ह्यूलेट फाउंडेशनमध्ये कार्यक्रम अधिकाऱ्यांना आठ वर्षांची मर्यादा आहे. ताजी नजर येते, कुणी एका क्षेत्राचा मालक होऊन बसत नाही. पण माणूस क्षेत्र समजून घेईपर्यंत तीन वर्षं जातात आणि शेवटच्या वर्षी त्याचं लक्ष पुढच्या नोकरीकडे असतं. सहा माणसांच्या कार्यालयाला मी मुदतीऐवजी दर चार वर्षांनी फाइलींची अदलाबदल सुचवेन.

पगार आणि ओव्हरहेड, म्हणजे संस्थेचा कार्यालय चालवण्याचा खर्च, हे मी एकत्रच घेते, कारण दोन्हीकडे तीच चूक होते. स्वतःच्या कर्मचाऱ्यांना विमा, भविष्यनिर्वाह निधी, प्रसूती रजा देणारं फाउंडेशन संस्थेच्या अंदाजपत्रकात हेच खर्च दिसले की ‘प्रशासकीय’ म्हणून खोडतं. मी स्वतः हे सुरुवातीला केलंय आणि त्याची मला खंत आहे. संस्थेचा हिशेबनीस, कार्यालयाचं भाडं, ऑडिटची फी यांशिवाय काम होत नाही. ते खर्च कुणीच दिले नाहीत तर संस्था ते लपवायला शिकते. मग देणाऱ्याला वाटतं की एवढ्यात भागतं, आणि पुढच्या वर्षी तो आणखी कमी देतो. मोठ्या देणगीदारांपैकी काहींनी हे चक्र तोडलं. फोर्ड फाउंडेशनने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या बिल्ड कार्यक्रमात संस्थांच्या उभारणीसाठी पाच वर्षांत १ अब्ज डॉलर ठेवले. अमेरिकन देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांनी २०२० या एका वर्षात सुमारे ५०० संस्थांना जवळजवळ ६ अब्ज डॉलर दिले, आणि ते कशावर खर्च करायचे हे संस्थांवर सोडलं. तुम्ही एवढंच कलम घाला: जी सुविधा आम्ही आमच्या कर्मचाऱ्यांना देतो, ती संस्थेच्या अंदाजपत्रकात असेल तर आम्ही ती कापणार नाही. एका वाक्यात दोन्ही कागद जोडले जातात.

अहवालांबद्दल थोडक्यात. आमच्या अहवालाच्या नमुन्यात त्रेचाळीस प्रश्न होते. एका शुक्रवारी आम्ही सगळे बसलो आणि प्रत्येक प्रश्नापुढे लिहिलं की याच्या उत्तरामुळे गेल्या दोन वर्षांत कुठला निर्णय बदलला. अकरा प्रश्न उरले. बाकीचे खोडताना एका सहकाऱ्याने विचारलं, ‘म्हणजे लोक इतकी वर्षं हे भरत होते ते कुणासाठी?’ कुणाकडेच उत्तर नव्हतं. तेव्हापासून नियम असा की अहवाल आला की तीन आठवड्यांत अधिकाऱ्याने वाचून अर्ध्या पानाचं उत्तर द्यायचं, आणि दुसऱ्या देणगीदारासाठी लिहिलेला अहवाल आम्हाला चालतो.

नकारही लवकर आणि खरा द्या. ‘निधी मर्यादित असल्याने’ हे वाक्य वर्ज्य करा. प्रस्ताव आमच्या विषयात बसत नाही, अंदाजपत्रक जुळत नाही, किंवा काम चांगलं आहे पण आम्ही दुसरं निवडलं, जे असेल ते लिहा. पहिल्या चौकशीला तीन आठवड्यांत उत्तर मिळालं तर संस्था पूर्ण प्रस्ताव लिहिण्याचे कष्ट वाचवते. हे पत्र अधिकाऱ्याच्या नावाने, त्याच्या फोन नंबरसह जाऊ दे.

नमुन्यांबद्दल: अनेक मोठी फाउंडेशनं आपली हितसंबंध धोरणं उघड ठेवतात. त्यातले फक्त मथळे घ्या, म्हणजे काही विसरणार नाही. मजकूर स्वतःचा लिहा आणि पक्का करण्याआधी पाच-सहा संस्थांच्या लोकांना वाचायला द्या. त्या वेळाचं मानधन त्यांना द्या.

शेवटचं कलम निरोपाचं असू दे. जिथून पुढे निधी देणार नाही, तिथे किमान एक वर्ष आधी लेखी कळवायचं आणि कमी रकमेचं का होईना, शेवटचं अनुदान कुठल्याही कामाला न बांधता द्यायचं. अमेरिकन उद्योजक चक फीनी यांनी १९८२ मध्ये सुरू केलेल्या अटलांटिक फिलँथ्रॉपीज या फाउंडेशनने सगळा निधी संपवून बंद व्हायचं ठरवलं. २०१६ मध्ये शेवटची अनुदानं मंजूर केली आणि २०२० मध्ये कार्यालय बंद केलं. अनुदानं थांबल्यावरही चार वर्षं दार उघडं होतं. तुमच्या प्रमाणात तेवढं नको. पण शेवटचा हप्ता गेल्यानंतर सहा महिने ती फाइल कुणाच्या तरी नावावर ठेवा, म्हणजे त्या संस्थेचा फोन आला तर तो उचलायला तिला ओळखणारा माणूस असेल.